कॉलेजचा पेशंट

माझ्या बापाच्या माकडहाडावर जी जखम आहे ती तुम्ही केली आहे. हात एका पोरीचा होता, तिचं नाव पुढं येईलच. पण तो हात तुम्ही चालवलात आणि चालवताना तुम्ही कोल्हापुरातसुद्धा नव्हता. तुमच्या खुर्चीला काय म्हणतात ते मी लिहीत नाही, दवाखान्याचं नावही लिहीत नाही. नर्सिंगच्या पोरींच्या परीक्षा कशा व्हायच्या, त्यांना कोण शिकवणार आणि कोण शिकवणार नाही, हे ज्या खुर्चीतून ठरतं तिच्यात बसणाऱ्याला कळेल की हे आपल्यालाच लिहिलंय. शाहूपुरीतल्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता मी वाचायला शिकलो. तुमचे परिपत्रकाचे कागद मी वाचलेत. आता तुम्ही माझा वाचा.

आमचं गाव आजऱ्याजवळ. दोन हजार तीनच्या मे महिन्यात आबा, म्हणजे माझा बाप केरबा, पावसाआधी कौलं परतायला घरावर चढला आणि पाठीवर आपटला. कमरेखालचं सगळं गेलं. पाय हलेनात, चिमटा काढला तरी कळेना. कोल्हापूरला आणला. डॉक्टर म्हणाले, मणका मोडलाय, पाय परत यायचे नाहीत, आता पाठ तेवढी सांभाळा. अशा माणसाला आपण फार वेळ एकाच अंगावर पडलोय हे कळत नाही. कातडी दबून लाल होते, मग फुटते, मग आत हाडापर्यंत सडत जाते. माणूस मरतो तो त्यानं. एवढं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि पुढच्या कॉटकडं गेले.

त्या वॉर्डात दोन राज्यं होती. एक इन्चार्ज सिस्टर शेवंताबाईंचं. ह्या जुन्या डिप्लोमाच्या. सगळी नोकरी ह्याच इमारतीत गेलेली, आवाज असा की पलीकडच्या वॉर्डातला पेशंट उठून बसावा. दुसरं राज्य नव्या डिग्री कॉलेजचं. त्या पोरी सकाळी कॉलेजच्या बसनं यायच्या आणि दुपारी एकला परत जायच्या. प्रत्येक पोरीला एकेक पेशंट वाटून दिलेला असायचा आणि त्या कॉटच्या दांड्याला निळी चिकटपट्टी लावलेली असायची. निळी पट्टी म्हणजे कॉलेजचा पेशंट. वॉर्डातली माणसं त्याला हात लावत नसत. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण कॉलेजवाल्यांचं काम आपण का करायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. कॉलेजला वाटायचं, पोरी गेल्या की वॉर्ड बघतंच. आबाच्या कॉटला निळी पट्टी लागली तेव्हा माझी आई चिमणाबाई खूश झाली. तिला वाटलं, काहीतरी खास सोय झाली.

आबा ज्या पोरीच्या वाट्याला आला ती संघप्रिया. शेवटच्या वर्षाला होती. ती आजऱ्याचीच, तिची आई बनाबाई काजूच्या कारखान्यात काजू फोडायला होती. गावाकडची म्हटल्यावर आईनं लगेच विचारलं, कुणाची गं तू, वाडी कुठली. पोरीनं सरळ सांगितलं, कुठली आणि कुणाची. आईनं पाण्याचा तांब्या कॉटच्या पलीकडं सरकवला. पोरीनं ते बघितलं आणि आबाचं तोंड पुसायला लागली. आबा नंतर आईला म्हणाला, आता ती माझं गू-मूत काढणार, तुझा तांब्या घेऊन काय चाटायचाय.

पहिला आठवडा सरायच्या आत आबाच्या पाठीवर खाली लाल चट्टा उठला.

सकाळी कॉलेजची मास्तरीण आली, प्रियदर्शनी मॅडम. वय लहान, बोलणं हळू, विद्यापीठाची मोठी पदवी. चट्टा बघून त्या शेवंताबाईंकडं गेल्या आणि शेवंताबाई तिथूनच ओरडत आल्या.

"तुमच्या पोरीचा पेशंट हाय ह्यो. पट्टी कुणाची लागलीया?"

"एकनंतर माझ्या मुली इथं नसतात, सिस्टर."

"मग जाताना पट्टी काढून न्यायची की बसमधनं."

"पट्टी ऱ्हाऊ दे," आबा म्हणाला, "मलाच न्या बशीतनं. तेवढंच गाव बघून हुईल."

मग बोलण्यातनं जे निघालं ते असं. सकाळी संघप्रिया आबाला कुशीवर वळवायची आणि लाल जागेला हात लावायची नाही, कारण मॅडमनी शिकवलं होतं की लाल जागा चोळायची नसते, आतली कातडी फाटते. ती गेली की आबा घसरून परत उताणा व्हायचा आणि तसाच पडून राहायचा दुसऱ्या दिवसापर्यंत, कारण पट्टी निळी. आणि संध्याकाळी वॉर्डातली एखादी दयाळू बाई यायची ती स्पिरिट लावून तीच जागा खसाखसा चोळून पावडर मारून जायची, कारण शेवंताबाईंनी तिला तसंच शिकवलं होतं. सकाळी एकीनं वाचवायचं आणि संध्याकाळी दुसरीनं फाडायचं. दोघीही आपापल्या शाळेत पहिल्या.

शेवंताबाईंना हे पटलं नाही. त्यांनी मॅडमच्या समोर स्वतः स्पिरिट घेऊन आबाची पाठ चोळून दाखवली, आमच्या मेट्रनबाईंनी अशी शिकवली म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या जागेची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली. शेवंताबाईंनी वाकून ती बघितली. मग स्पिरिटची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"जन्मभर घासत आलो की आम्ही," एवढंच म्हणाल्या.

मॅडमचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पदवीच्या बाजूचा आहे. त्या दिवशी मॅडमनी बस सोडली आणि दुपारची सगळी ड्यूटी वॉर्डात काढली. भरलेला वॉर्ड आणि त्यात एक नर्स. ती सलाईन लावणार, इंजेक्शनं देणार, डॉक्टरांच्या मागं पळणार. दर दोन तासांनी पेशंट वळवा, पाठीला उशीचा आधार द्या, हे मॅडम वर्गात शिकवत होत्या. इथं वळवायला माणूस नव्हतं आणि उशी तर डोक्याखाली द्यायलाही नव्हती. त्यांनी शेवंताबाईंना विचारलं, मग तुम्ही करता काय. शेवंताबाई म्हणाल्या, काय करतो, गप बसतो. मॅडम म्हणाल्या, मीही वर्गात तेच करते, फक्त फळ्यावर लिहून.

तिथून त्या दोघी एकत्र आल्या. मैत्रीण वगैरे काही झाल्या नाहीत. भांडतच होत्या, पण एका कॉटजवळ उभ्या राहून.

उशी नाही म्हटल्यावर शेवंताबाईंनी आईला विचारलं, वाकळ आणलीयास न्हवं घरनं? आमच्याकडं जुनी लुगडी शिवून केलेली वाकळ प्रत्येकाबरोबर असतेच. ती घट्ट गुंडाळून त्यांनी आबाच्या पाठीमागं बसवली, दुसरी गुडघ्यांच्या मधे. आबा कुशीवर असा बसला की ढकलला तरी पडेना. मॅडमना वाकळेचा मळ दिसत होता. त्यांनी अट घातली की वाकळेवर लुगड्याचं धुतलेलं धडपं गुंडाळायचं आणि रोज बदलायचं. शेवंताबाई म्हणाल्या, धडपं कोण धुणार. मॅडमनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, धुतो की, मग काय.

माणूस नाही म्हटल्यावर त्या दोघींनी आम्हाला शिकवलं. हात कुठं घालायचा, ओढायचं नाही, उचलायचं, फरफटलं की कातडी सोलते. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. दवाखान्यात तासाला टोल पडायचा. एक टोल सोडायचा, दुसऱ्या टोलला वळवायचं. बाकीच्या कॉटवरच्या पावण्यांनाही तेच शिकवलं. हळूहळू असं झालं की टोल पडला की सगळ्या वॉर्डात माणसं उठायची आणि आपापला पेशंट वळवायची. एकदा टोलवाला चहाला गेला आणि टोल चुकला, तर आत सगळे पेशंटच ओरडायला लागले.

आणि निळ्या पट्ट्या काढल्या. दुपारी एकला बसमध्ये बसायच्या आधी प्रत्येक पोरीनं आपल्या पेशंटजवळ उभं राहायचं, वॉर्डातल्या नर्सला आणि नातेवाइकाला सगळं सांगायचं, पाठ उघडून दाखवायची, मगच जायचं. एका बाजूला शेवंताबाई, दुसऱ्या बाजूला मॅडम. पोरगी चुकली की दोघी एकदम बोलायच्या. शेवंताबाईंना मॅडम कॉलेजातही घेऊन गेल्या. तिथं शिकवायला रबराची बाहुली असते, माणसाएवढी. शेवंताबाई तिला बघून म्हणाल्या, हिला काय कळतंय, हिचा नवरा कुठं हाय, वाकळ कुठं हाय, हिला वळवायची कुणी? पोरी लोळून हसल्या, असं संघप्रियानं आबाला सांगितलं. आबाची जखम पावसाळ्यात भरून आली. पुरी भरली त्या दिवशी आईनं पाण्याचा तांब्या पोरीच्या हातात दिला.

पण बस रोज उशिरा सुटायला लागली होती. तुमच्यापर्यंत पहिली तक्रार गेली ती बसची. जखम भरल्याची बातमी कुणी पाठवली नाही, कारण ती पाठवायला तुमच्याकडं जागा नाही.

पाऊस उघडला आणि परीक्षा आली. तुमच्या परीक्षेची एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. प्रॅक्टिकलसाठी चांगला पेशंट लागतो. ओरडणार नाही, शिव्या देणार नाही, परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं तर नीट उत्तर देईल असा. तसा पेशंट बरा झाला तरी परीक्षेपर्यंत घरी सोडत नाहीत. आबाला असा ठेवून घेतला. आबा म्हणायचा, पाचवीला मास्तरनं ठेवून घेतला नव्हता, आता ठेवलाय.

परीक्षा घ्यायला बाहेरच्या जिल्ह्यातून एक बाई आल्या. संघप्रियाला आबा आला आणि पाठीची निगा करून दाखवायला सांगितली. मला खांदा धरायला आत उभं केलं होतं. पोरीनं हात धुतले, आबाला सांगून वळवला, पाठ बघितली, पुसली, कोरडी केली, वाकळ बसवली. परीक्षेच्या बाईंच्या हातात कागद होता, त्यावर एकाखाली एक पायऱ्या. त्यांनी विचारलं, स्पिरिट कुठंय, मसाज कुठंय. पोरगी म्हणाली, हाडावरची जागा आम्ही चोळत नाही. बाईंनी विचारलं, हे गाठोडं काय आहे. वाकळ, म्हणाली. बाईंनी विचारलं, हे सगळं तुला शिकवलं कुणी.

"आमच्या मॅडमनी आणि सिस्टरनी," संघप्रिया म्हणाली, "दोघींनी मिळून."

नापास केलं. कागदावर त्या पायऱ्यांना शून्य आणि वाकळेला पेशंटच्या जिवाला धोका असा शेरा.

नापास म्हणजे सहा महिने घरी. ह्याच वॉर्डात नर्सची जागा निघाली होती, ती गेली. बनाबाई आजऱ्यावरनं आली. काजूच्या टरफलाचं तेल लागून तिची बोटं काळी पडलेली, ती पदरात धरून बसली होती. तिनं मॅडमना एवढंच विचारलं की पुढच्या बारीला पास करतील का, का आता ती माणसं पोरीच्या नावावर खूण करून ठेवणार. मॅडम म्हणाल्या, बघते.

मॅडमनी तुम्हाला अर्ज केला. तुमची माणसं आली, कॉलेजच्या ऑफिसात बसली. त्यांच्यातल्या हंबीरराव नावाच्या साहेबांनी गोड बोलून एक वाट दाखवली. वॉर्डातली सिस्टर ही विद्यापीठाची मान्य शिक्षक नाही. तिला पदवी नाही. अशा अपात्र व्यक्तीनं विद्यार्थिनीला चुकीचं शिकवलं, असं मॅडमनी लिहून द्यावं. मग पोरीची दिशाभूल झाली असं धरून महिन्याभरात तिची परत परीक्षा घेता येईल. पोरगी पास, मॅडमवर काही नाही. सिस्टरचं काय व्हायचं ते दवाखाना बघेल, ती तर तुमच्या हाताखालची नाहीच.

हे मॅडमनी वॉर्डात येऊन शेवंताबाईंना सांगितलं, आबाच्या कॉटजवळच. शेवंताबाईंनी ऐकून घेतलं.

"लिवा की मग," त्या म्हणाल्या. "माझं काय ऱ्हायलंय आता? आज ना उद्या रिटायर हून घरला जाणार मी."

"चोळू नका हे मी शिकवलं, सिस्टर. तुम्ही नाही."

"आणि वाकळ माझी. मग वाकळ चुकली म्हणून लिवा. पोरीचं वरीस घालवू नगासा."

मॅडमनी लिहिलं. पण लिहिलं ते असं, की हे आम्ही दोघींनी मिळून शिकवलं, दोघींनी आपापली चूक सुधारून शिकवलं, आणि एकीचं काढलं तर दुसरीचं उरत नाही. पेशंटची भरलेली पाठ कधीही येऊन बघावी. कुणी बघायला आलं नाही. शेवंताबाई आठवडाभर मॅडमशी बोलल्या नाहीत. पोरीच्या जिवावर खरं बोलायची हौस कशाला, असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायच्या. मॅडमना ते ऐकू जायचं. मला त्या दोघींतलं कोण बरोबर होतं ते अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला ठरवायची गरज पडली नाही, कारण तुम्ही परिपत्रक काढलं.

परिपत्रक मी वाचलंय. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी पदवीच्या विद्यार्थिनींना शिकवू नये. कॉलेजच्या शिक्षकांनी वॉर्डाच्या कामात हात घालू नये. बस एक वाजता सुटेल. त्यावर बोट ठेवून दवाखान्यानं शेवंताबाईंना वॉर्डातून काढून केसपेपरच्या खिडकीशी बसवलं. मॅडमना परीक्षेच्या कामातून काढलं. कॉटना परत निळ्या पट्ट्या लागल्या. आबाला आम्ही घरी नेला.

घरी टोल नाही. सुगी लागली की सगळे रानात. पुढच्याच उन्हाळ्यात आबाला ताप भरला, लघवीच्या नळीनं. परत कोल्हापूरला आणला तेव्हा पाठीवर माकडहाडाशी लाल चट्टा होता. कातडी फुटलेली नव्हती. नुसतं वळवत राहिलो असतो आणि कुणी चोळलं नसतं तर चार-आठ दिवसांत गेला असता, मागं जातच होता. पण परीक्षा तोंडावर होती आणि आबा चांगला पेशंट म्हणून नावाजलेला. निळी पट्टी लागली.

संघप्रिया आली ती त्याच परीक्षेला. चेहरा उतरलेला. बाई पण त्याच पाठवल्या होत्या तुम्ही. ट्रेमध्ये या वेळी स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा आधीच मांडून ठेवलेला. मला परत खांदा धरायला आत घेतलं. पोरीनं आबाला वळवला, सदरा वर केला आणि चट्टा बघून थांबली. बाई म्हणाल्या, चल, सुरू कर. पोरीनं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. दारात मॅडम नव्हत्या, शेवंताबाई नव्हत्या.

बाई कागदावर पेन टेकवून उभ्या होत्या. आबाचं तोंड भिंतीकडं होतं. तो तिकडंच बघत बोलला.

"चोळ गं पोरी. मला कुठं कळतंय तितलं?"

तिनं हात हलवला नाही.

"चोळ म्हणतो न्हवं. बनाबाईची बोटं बघितल्यात मी. पास हो आणि सूट ह्यातनं."

तिनं स्पिरिट हातावर घेतलं. पहिल्यांदा नुसती बोटं फिरवली. बाई म्हणाल्या, दाब दे, लांब हात मार, तीन पायऱ्या आहेत. तिनं दाब दिला. कागदावर तीन खुणा झाल्या. आबा म्हणाला, झ्याक. ती पास झाली.

दोन दिवसांनी कातडी सुटली. आता तिथं आत बोट जाईल एवढी जखम आहे. संघप्रियाला पुढं त्याच वॉर्डात जागा मिळाली आणि आबाची जखम ती रोज स्वतः धुते. आबा तिला गावच्या गोष्टी सांगतो, ह्याची म्हैस, त्याची सोयरीक. आई तिला चहा देते, तो ती बाजूला ठेवते आणि तो गार होतो. शेवंताबाई एकदा खिडकीवरनं उठून बघायला आल्या. जखम बघितली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. मॅडम आल्या होत्या का, मला माहीत नाही.

मी वॉर्डात विचारलं, ही जखम कशी झाली, कागदावर लिहा. वॉर्ड म्हणतं, कॉटला पट्टी कॉलेजची होती, कॉलेजला विचारा. कॉलेज म्हणतं, आमच्या मुली एकला जातात, कातडी संध्याकाळी सुटली, वॉर्डला विचारा. दोघंही परिपत्रक दाखवतात आणि परिपत्रकाप्रमाणं दोघंही बरोबर आहेत. पोरीला मी विचारणार नाही, तुम्हीही विचारायचं नाही. त्या बाईंनाही नाही, त्यांनी तुमच्या कागदावरच्या खुणा केल्या.

म्हणून तुम्हाला विचारतो. ही जखम कॉलेजची का वॉर्डची? आबाला दाखवायला मला कागद पाहिजे, सही-शिक्क्यानिशी. दोघांचीही नाही असं निघत असेल, तर ती कुणाची ते लिहा आणि खाली तुमची सही करा.